जोड्याचा नंबर आणि पायाची रुंदी

आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत तलवारी आहेत, सनदा आहेत, मुकुट आहेत. जोडा मात्र नाही. असलाच तर एखाद्या सरदाराच्या चित्रात पायाशी रंगवलेला असतो. तो कोणी शिवला, कोणत्या मापाने शिवला, तो घालण्याची मुभा कोणाला होती आणि कोणाला नव्हती, हे इतिहासाचे प्रश्न आहेत असे प्रस्थापित इतिहासलेखनाला कधी वाटले नाही. ज्या व्यवस्थेने शूद्रांना विराट पुरुषाच्या पायांपासून जन्माला घातले आणि ज्यांना पायांपाशीही जागा दिली नाही त्यांना गावकुसाबाहेर ठेवले, त्या व्यवस्थेकडून पायाच्या इतिहासाची अपेक्षा करणेच चूक आहे. तो आपणच लिहिला पाहिजे. त्याची सुरुवात अगदी साध्या गोष्टीपासून, म्हणजे जोड्याच्या नंबरापासून करता येते.

दुकानातला एखादा बूट उलटा करून पाहावा. आतल्या जिभेवर किंवा तळाला एकाच वेळी चार आकडे छापलेले आढळतात : इंग्लंड ८, अमेरिका ९, युरोप ४२ आणि जपान २६ किंवा साडेसव्वीस. पाय एकच, आकडे चार. माझे विद्यार्थी विचारतात, सर, ह्यातला खरा आकडा कोणता? खरे म्हणजे चारही खरे आहेत. प्रत्येक आकडा वेगळ्या समाजाने वेगळ्या काळात हातात घेतलेल्या पट्टीवरचा आहे, एवढेच. पट्टी कोणाच्या हातात होती हे कळले की आकड्यांचे कोडे सुटते. नुसते कोडे सोडवून मात्र आपल्याला थांबता येत नाही.

इंग्रजी पट्टीपासून सुरुवात करू. कोरडे, गोल असे जवाचे तीन दाणे लांबीने एकापुढे एक ठेवले की एक इंच, ही मध्ययुगीन इंग्लंडच्या कायद्यातली व्याख्या होय. इंग्लंडचे जोडेवाले ह्याच दाण्यावर मोजू लागले. १६८८ साली रँडल होम ह्याने प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्यांच्या मापपट्टीची नोंद सापडते. आजही इंग्रजी पद्धतीचा एक नंबर म्हणजे एक दाणा, म्हणजे इंचाचा तिसरा हिस्सा, ८.४७ मिलिमीटर. शून्य नंबर ४ इंचांवर येतो. ४ इंच म्हणजे घोड्याची उंची ज्या मापाने सांगतात तो इंग्रजी 'हात'. तिथून मुलांचे नंबर १३ पर्यंत चढतात आणि मग मोठ्यांसाठी पुन्हा १ पासून मोजणी सुरू होते. म्हणून सूत्र असे : फर्म्याची लांबी इंचांत घ्यावी, तिला ३ ने गुणावे आणि २५ वजा करावेत. फर्मा म्हणजे पायाच्या आकाराचा तो साचा, ज्यावर जोडा चढवून घडवतात. फर्मा ११ इंचांचा असेल तर तेहेतीस वजा पंचवीस, म्हणजे आठ नंबर.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. इंग्रजी आणि युरोपीय नंबर पायाचा नसतो, फर्म्याचा असतो. आणि फर्मा पायापेक्षा दीड ते दोन सेंटिमीटर लांब असतो, कारण चालताना बोटांना पुढे सरकायला जागा लागते.

फ्रान्समध्ये दशमान पद्धत आली आणि तिच्या आधाराने तिथल्या जोडेवाल्यांनी 'पॅरिस पॉइंट' हे माप धरले. एक पॉइंट म्हणजे सेंटिमीटरचे दोन तृतीयांश, ६.६७ मिलिमीटर. येथे मोजणी सरळ शून्यापासून होते; मुलांची वेगळी, मोठ्यांची वेगळी असा घोळ नाही. फर्म्याची लांबी सेंटिमीटरमध्ये घेऊन दीडपट केली की नंबर मिळतो. ११ इंच म्हणजे २७.९४ सेंटिमीटर, त्याची दीडपट ४१.९, म्हणजे ४२. इंग्रजी आठ आणि युरोपीय बेचाळीस हे एकाच फर्म्याचे दोन हिशेब झाले.

परंतु ही जुळणी प्रत्येक वेळी इतकी सुरेख होत नाही. एक पायरी ८.४७ ची, दुसरी ६.६७ ची. असमान पायऱ्यांचे दोन जिने शेजारी उभे केले तर पायऱ्या एखाद्याच ठिकाणी समोरासमोर येतील. इंग्रजी सात नंबरचा हिशेब केला तर युरोपीय ४०.६ येतो. आता कोणी ४० छापतो, कोणी ४१, कोणी साडेचाळीस. दुकानातल्या तक्त्यांत एकवाक्यता नसते ती ह्यामुळे. तिथे कोणी फसवतेच असे नाही. पट्ट्याच मुळात एकमेकींशी बोलत नाहीत.

अमेरिकेने इंग्रजी दाणा घेतला, पण आरंभबिंदू थोडा सरकवला. १८८० मध्ये न्यूयॉर्कच्या एडविन सिम्प्सन ह्यांनी अर्ध्या नंबरांची आणि रुंदीच्या श्रेणींची पट्टी मांडली. अमेरिकन पुरुषांचा नंबर इंग्रजीहून साधारण एकाने मोठा येतो, आणि बायकांचा नंबर त्याच लांबीच्या पुरुषी नंबराहून आणखी दीडेकाने मोठा. जपानची रीत सगळ्यांत सरळ : फर्मा बाजूला ठेवून पायाचीच लांबी सेंटिमीटरमध्ये सांगावी. १९९१ च्या 'मोंडोपॉइंट' ह्या आंतरराष्ट्रीय मानकाने हेच तत्त्व मिलिमीटरमध्ये मांडले आणि त्यात पायाची रुंदीही जोडली. ह्या 'रुंदी' शब्दाकडे मी शेवटी पुन्हा येणार आहे. माझ्या मते आपल्या प्रश्नाचे मर्म तिथेच आहे.

आता प्रश्न असा की नंबराची गरजच का पडली? पायाला कागदावर उभे करून, भोवती रेघ ओढून, चवड्याभोवती दोरा फिरवून जोडा करणाऱ्या कारागिराला नंबर लागत नाही. त्याच्यासमोर पाय असतो. नंबर लागतो तो पाय समोर नसताना; करणारा आणि घालणारा एकमेकांना कधी भेटणार नसतात तेव्हा. अशी वेळ दोन ठिकाणी आली, सैन्यात आणि कारखान्यात. हजारो शिपायांना एकदम बूट द्यायचे, अनोळखी गिऱ्हाइकासाठी माल आधीच तयार ठेवायचा, तर पायाचा आकडा झालाच पाहिजे. एकोणिसाव्या शतकात तो झाला. १९१२ मध्ये अमेरिकेत मन्सन ह्या लष्करी डॉक्टराने सुमारे २००० शिपायांच्या पायांच्या तपासणीवरून नव्या फर्म्याची शिफारस केली. ज्याला चालवायचे त्याचा पाय आधी मोजावा, एवढे शहाणपण लढाईने त्यांना शिकवले.

ह्या कारखानदारीच्या इतिहासात एक नाव आपल्या वाचकांनी लक्षात ठेवावे असे आहे. जॅन मॅट्झेलिगर. जन्म १८५२, दक्षिण अमेरिकेतील सुरिनाम ह्या डच वसाहतीत; आई काळी, वडील डच अभियंता. १८७७ च्या सुमारास तो मॅसॅच्युसेट्समधील लिन ह्या जोड्यांच्या गावी आला. तेव्हा जोड्याचे बाकी काम यंत्रावर जाऊ लागले होते. फक्त वरचे कातडे फर्म्यावर ताणून, चुण्या घालून तळाशी बसवण्याचे काम हातानेच करावे लागे. चांगला कारागीर दिवसाला पन्नासेक जोड करी. हे काम यंत्राला जमणे शक्य नाही, असे सगळे म्हणत. दिवसा कारखान्यात राबून, रात्री अर्धपोटी जागून मॅट्झेलिगरने ते यंत्र उभे केले. १८८३ मध्ये त्याला त्याचे पेटंट मिळाले. त्याचे यंत्र दिवसाला दीडशेपासून सातशेपर्यंत जोड काढू लागले. जोडा स्वस्त झाला आणि सामान्य माणसाच्या पायात आला. पण त्याच गावातल्या गोऱ्यांच्या चर्चेसनी त्याला काळा म्हणून सभासद करून घेतले नव्हते. एकाच चर्चने त्याला आत घेतले. १८८९ मध्ये क्षयाने तो गेला तेव्हा त्याचे वय ३६ होते. अर्ध्या जगाच्या पायात जोडा घालणाऱ्या ह्या माणसाला स्वतःच्या गावात पाय ठेवायला जागा शोधावी लागली. हे वाचताना आपल्याला काही नवे वाचतो आहोत असे वाटत नाही.

आपल्याकडे हा नंबर आला तो इंग्रजी राज्याबरोबर. कानपूरला एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सैन्यासाठी चामड्याचे कारखाने उभे राहिले. १९३० च्या दशकात झेक बाटा कंपनीने कलकत्त्याजवळ वसाहत वसवली आणि शहरोशहरी तयार जोड्यांची दुकाने निघाली. त्या आकड्यांत जवाचा दाणा इंग्लंडचा होता. गंमत अशी की धान्याचे माप आपल्यालाही परके नव्हते. कौटिलीय अर्थशास्त्रात आठ यवांच्या मध्यभागाच्या रुंदीचे एक अंगुल सांगितले आहे आणि मध्यम पुरुषाच्या मधल्या बोटाच्या रुंदीनेही ते ठरवले आहे. तो 'मध्यम पुरुष' कोण, त्याचा वर्ण कोणता, हे कोणी विचारले नाही. मात्र गावगाड्यात धान्याचा जोड्याशी संबंध आला तो वेगळ्या वाटेने. इंग्लंडात दाण्याने जोडा मोजला. आपल्याकडे दाण्याने जोडेवाल्याची मजुरी मोजली. तिला बलुते म्हणतात.

माझे वडील गावात जोडे शिवीत. मोट सांधणे, वहाणा करणे, जुने जोडे दुरुस्त करणे, हे सारे बलुत्यात. त्यांच्याकडे नंबरांची पट्टी नव्हती. आरी, रापी, ऐरण, मेणाचा दोरा आणि बोटांची मापे, एवढ्यावर गावचे पाय त्यांना पाठ होते. पाटलाचा उजवा पाय डाव्याहून किती लांब, हे त्यांना पाटलाच्या मुलापेक्षा जास्त ठाऊक होते. पण ज्या पायाला ते जोडा करीत त्या पायाच्या घरात त्यांचा पाय पडत नसे. सुगीत खळ्यावर जाऊन, सगळ्यांच्या मागे उभे राहून, पदरात पडेल तेवढे दाणे घेऊन यायचे. कामाचे माप त्यांच्या बोटांवर होते; मोबदल्याचे माप मालकाच्या मर्जीवर.

आणि हेही स्पष्ट सांगितले पाहिजे की मेलेले ढोर ओढणारा महार, कातडे कमावणारा ढोर आणि जोडा शिवणारा चांभार हे एकाच चामड्याच्या साखळीत असूनही एका पंगतीत नव्हते. लिनच्या कारखान्यातही कातणारा, शिवणारा, ताणणारा असे वेगवेगळे कामगार होते. पण संध्याकाळी त्यांतला कोणीही दुसरे काम धरू शकत होता. जातिव्यवस्था ही केवळ श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्ये 'जातिनिर्मूलना'त मांडले. जोडा हा त्याचा पुरावा आहे, आणि ह्या पुराव्यात आपल्या आपसातल्या पायऱ्याही आल्या.

मग नंबर हा आपल्याला शत्रू ठरला का? माझे उत्तर सरळ 'हो' असे नाही. डिसेंबर १९३० मध्ये मद्रास इलाख्यातील रामनाड जिल्ह्यात कळ्ळरांनी अस्पृश्यांवर आठ बंधने लादली. हटन ह्यांच्या भारतीय जातींवरील ग्रंथात त्यांची नोंद आहे. त्यांत पुरुषांनी छत्री धरू नये आणि पायात वहाणा घालू नयेत, असे कलम होते. २००१-०२ मध्ये अकरा राज्यांतल्या ५६५ खेड्यांत अस्पृश्यतेची पाहणी झाली, तीतही पादत्राणांवरील बंधने आढळली. ज्यांच्या पूर्वजांनी सवर्णांच्या आळीतून जाताना जोडे काढून हातात घेतले, त्यांच्यापैकी कोणी शहरात येतो, दुकानात शिरतो आणि म्हणतो, 'आठ नंबर दाखवा.' दुकानदार आडनाव विचारीत नाही. आठ हा आकडा जात सांगत नाही. ह्या अर्थाने नंबराने आपल्याला एक दार उघडून दिले. शहराच्या बाबतीत बाबासाहेबांना जो भरवसा वाटत होता, त्याचा हा लहानसा पुरावा आहे.

पण दार उघडणारा नंबरच दुसऱ्या बाजूने दार लावीत होता. नंबर आला तसे पाय ओळखणारे ज्ञान कारागिराच्या हातातून निघाले आणि तक्त्यात गेले. तक्ता ज्याच्याकडे, बाजार त्याच्याकडे. आग्र्याचे उदाहरण घ्या. तिथल्या जाटव समाजाने जोड्यांच्या धंद्यावर स्वतःला उभे केले आणि आंबेडकरी राजकारणही उभे केले; ओवेन लिंच ह्यांच्या १९६९ च्या पुस्तकात त्याचे वर्णन आहे. १८ मार्च १९५६ रोजी बाबासाहेबांचे आग्र्यात भाषण झाले ते ह्याच लोकांपुढे. परंतु त्या बाजारात दलाल आणि व्यापारी कारागिराला रोख पैशाऐवजी 'पर्ची' देत : काही महिन्यांनी वटणारी चिठ्ठी. पोट थांबत नाही, म्हणून कारागीर ती कमी भावाने वटवून घेई. जोड्याच्या तळाला तो स्वतःच्या हाताने अचूक नंबर ठोकीत होता, आणि त्याच्या श्रमाच्या आकड्यातून मात्र काही आकडे गळून जात होते. परदेशी गिऱ्हाइकासाठी तो आठचे बेचाळीस करीत होता. त्याच्या मजुरीचे रूपांतर कोणत्याही तक्त्यात नव्हते.

आता रुंदीकडे येतो. आपल्या बाजारात मिळणारा नंबर फक्त लांबी विचारतो. इंग्रजी आणि अमेरिकन पद्धतींत रुंदीच्या अक्षरी श्रेणी आहेत, पण आपल्या सामान्य दुकानात एका नंबराला एकच रुंदी मिळते. ही रुंदी कोणाच्या चवड्यावर बेतलेली आहे? २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दक्षिण भारतातले अनवाणी चालणारे लोक, जोडे वापरणारे भारतीय आणि पाश्चात्त्य लोक ह्यांच्या पायांची तुलना केली होती. अनवाणी चालणाऱ्यांचे पाय जास्त रुंद आढळले आणि चालताना तळव्यावरचा भार त्यांत अधिक सारखा पसरलेला दिसला. म्हणजे शास्त्राच्या दृष्टीने तो निरोगी पाय आहे. दुकानाच्या दृष्टीने मात्र तो 'न बसणारा' पाय आहे.

माझ्या आईचा पाय असा आहे. जन्मभर दुसऱ्यांच्या रानात ढेकळांतून, धसकटांतून चाललेली. जोडे शिवणाऱ्याच्या घरात राहूनही तिने पहिली वहाण लग्नानंतर कित्येक वर्षांनी घातली. मी नोकरीला लागल्यावर तिला शहरातल्या दुकानात घेऊन गेलो. तिच्या लांबीला पाच नंबर बसत होता. चवडा मात्र आत जाईना. दुकानातला मुलगा म्हणाला, सात घ्या. सात आत गेला, पण टाचेमागे बोटभर जागा राहिली. तो म्हणाला, 'आजी, तुमचा पायच वेडावाकडा आहे.' तिने निमूटपणे पाय पदराखाली घेतला. त्या पोराला मी दोष देत नाही. त्याच्या पट्टीवर जे मोजता येत नव्हते त्याला तो वेडेवाकडे म्हणत होता. प्रस्थापित समीक्षक आपल्या साहित्याला हेच म्हणत आले आहेत.

ही केवळ माझ्या घरची गोष्ट नाही. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ ह्या काळात देशातल्या ७९ ठिकाणी १,०१,८८० लोकांचे पाय यंत्राने मोजले. भारतीय पाय युरोपीय-अमेरिकन पायांहून रुंद आहेत, आणि रुंदीसाठी लोक लांबीने मोठे जोडे घेऊन ते आवळून घालतात, असे त्यातून दिसले. २०२४ मध्ये ह्या पाहणीवर आधारलेली 'भा' नावाची भारतीय मापपद्धती सुचवण्यात आली. अमेरिकेने आपल्या शिपायाचा पाय १९१२ पर्यंत मोजला होता. भारतीय माणसाचा पाय एवढ्या मोठ्या प्रमाणावर मोजायला स्वातंत्र्यानंतर चौऱ्याहत्तर वर्षे लागली. तोपर्यंत आपण इंग्रजी दाण्यावर चाललो. ह्या पाहणीचे मी स्वागत करतो. पण 'भा' म्हणजे भारत असेल तर तिच्या सरासरीत ऊसतोडणी करणाऱ्या बाईचा चवडा आणि वातानुकूलित कचेरीतला पाय ह्यांचे वजन किती, हे विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे. सरासरी हाही एक 'मध्यम पुरुष'च असतो.

जून २०२५ मध्ये इटलीतल्या मिलान शहरात प्राडा कंपनीने एका प्रदर्शनात कोल्हापुरी घाटाच्या चपला मांडल्या आणि आपल्याकडे गदारोळ झाला. ह्या चपलेला २०१९ पासून महाराष्ट्र आणि कर्नाटकातील आठ जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन आहे. राज्याची अस्मिता दुखावली म्हणून पुष्कळांनी लेख लिहिले. त्यांतले थोडेच लेख ती चपल शिवणाऱ्याच्या घरापर्यंत पोहोचले. त्याचा मुलगा ती विद्या का टाकतो, त्या धंद्याला चिकटलेला जातीचा डाग कोणत्या मानांकनाने निघतो, हे प्रश्न बाजूलाच राहिले. कोल्हापुरी चपल बोटांना मोकळे सोडते. रुंद चवड्याला आवळत नाही. उन्हातान्हात राबणारा पाय ओळखणाऱ्या माणसाने केलेली ती वस्तू आहे. तिच्यातले हे ज्ञान मान्य करायचे आणि ज्ञानी माणसाला मात्र चांभारच म्हणायचे, हा व्यवहार मिलानला सुरू झालेला नाही. तो आपल्या गावातच जुना आहे.

शेवटी, शिक्षक आणि कार्यकर्ते मित्रांना एक सूचना. आपापल्या महाविद्यालयात, वसतिगृहात, वस्तीत एक संध्याकाळ ह्या कामाला द्यावी. संध्याकाळ अशासाठी की दिवसभराच्या उभे राहण्याने पाय थोडा सुजतो आणि खरे माप तेव्हाच मिळते. कागद भिंतीला लावून टाच भिंतीशी टेकवावी, दोन्ही पायांवर सारखा भार द्यावा आणि सर्वांत लांब बोटाशी खूण करावी. ते बोट अंगठाच असेल असे नाही. मग चवड्याची रुंदी घ्यावी. दोन्ही पाय मोजून मोठा धरावा. सेंटिमीटरमधल्या लांबीत दीड ते पावणेदोन मिळवून दीडपट केली की युरोपीय नंबर मिळेल : २५ सेंटिमीटरच्या पायाला ४०, त्याचाच इंग्रजी साडेसहा, अमेरिकन पुरुषी साडेसात. एवढे आले तर कोणत्याही देशाच्या तक्त्यापुढे आपला विद्यार्थी गोंधळणार नाही.

पण त्या कागदावर आणखी तीन प्रश्न लिहावेत. पायात पहिला जोडा आला तेव्हा तुमचे वय काय होते? तुमच्या आईचे काय होते? आजीच्या पायात तो कधी आला का? ही उत्तरे कोणत्याही दप्तरखान्यात मिळणार नाहीत. गावोगावचे असे शंभर कागद गोळा झाले, तर आपल्या इतिहासाचे एक साधन आपल्या हाती येईल, आणि त्यात रुंदीचा रकाना आपण स्वतः आखलेला असेल.